जॉन लॉर्ड गेल्यावर ऐकलेला ऑर्गन

गिटार शिकायला लागलेलं कुठलंही पोर पहिल्या महिन्याभरात 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ती छोटी सुरावट, वाजवून दाखवतंच. ते गाणं वाजवणाऱ्या डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं नाव ज्यांनी कधी ऐकलेलं नाही त्यांनाही ती ओळखू येते. मूळ गाणं नीट कान देऊन ऐकलं तर सुरुवातीला एकटी गिटार आहे. मग झांजेची टिकटिक सुरू होते, आणि त्याच सुमारास गिटारच्या खालून दुसरं काहीतरी तीच ओळ वाजवत वर येतं. जाड, खरखरीत, किंचित जळका आवाज. बहुतेकांना वाटतं की गिटारच मोठी केली असावी. तो जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन आहे. सगळ्या जगाला पाठ असलेल्या त्या ओळीचं वजन निम्मं तरी ऑर्गनचं आहे आणि नाव मात्र सगळं रिची ब्लॅकमोरच्या गिटारचं.

रॉकमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्याच्या वाट्याला हे ठरलेलंच. गायक पुढे उभा असतो, गिटारवाला त्याच्या बाजूला नाचत असतो, आणि हा बसलेला असतो एका लाकडी कपाटाच्या मागे. लॉर्ड १६ जुलै २०१२ ला लंडनमध्ये गेला. त्यानंतर त्याच्या चाहत्यांनी जे दुःख केलं त्यात ऐकण्याचा भाग फार मोठा होता. वर्षानुवर्षं पाठ असलेली गाणी लोकांनी पुन्हा लावली आणि त्यातली गिटार बाजूला ठेवून ऑर्गन शोधायला सुरुवात केली. मीही त्यातलाच.

बातमी मला आतेभावानं दिली. आमच्या घरात डीप पर्पलच्या जपानमधल्या कार्यक्रमांची 'मेड इन जपान' ही कॅसेट पहिल्यांदा त्यानंच आणली होती, तेव्हा फोन येणार तर त्याचाच. "अरे, लॉर्ड गेला रे," एवढंच म्हणाला आणि मग दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. तो आठवडाच वाईट होता. १२ तारखेला दारासिंग गेले होते आणि १८ ला राजेश खन्ना गेले. टीव्हीवर सकाळपासून रात्रीपर्यंत 'आराधना' आणि 'आनंद'. आई पुढच्या खोलीत डोळे पुसत ते बघत होती. तिच्या तरुणपणाचा तो नायक, तिला वाईट वाटणारच. मी आत हेडफोन लावून बसलो होतो. चहा द्यायला आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझं कोण गेलं?"

"एक ऑर्गन वाजवणारा होता गं. इंग्लंडचा."

"म्हणजे पेटीवाला?"

"हो. पेटीवाला."

"मग ते कानातलं काढ आणि मोठ्यानं लाव की. मलाही ऐकू दे."

मी डीप पर्पलचं 'चाइल्ड इन टाइम' लावलं. त्याची सुरुवात नुसत्या ऑर्गनची आहे, सावकाश आणि मऊ. घाई अजिबात नाही. आई दारातच उभी राहून ऐकत होती. पुढे गायक इयन गिलनच्या किंकाळ्या सुरू होण्याआधीच ती टीव्हीकडे परतली, पण जाताना म्हणाली, "हात चांगला आहे हो."

हात चांगला आहे. त्या दिवसांत मी लॉर्डबद्दल ठिकठिकाणचे कितीतरी श्रद्धांजलीचे लेख वाचले, पण हे तीन शब्द जास्त जवळचे वाटले.

आणि आईला आवडलेल्या त्याच सुरावटीचा आमच्या मुंबईशी एक खराखुरा धागा आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये 'इट्स अ ब्यूटिफुल डे' नावाचा एक बँड होता, त्यात डेव्हिड लाफ्लॅम व्हायोलिन वाजवायचा. १९६९ साली आलेल्या त्यांच्या पहिल्या रेकॉर्डवर 'बॉम्बे कॉलिंग' नावाची एक पळती वाद्यरचना आहे. लॉर्ड एकदा तीच धून ऑर्गनवर सहज छेडत बसला होता. बाकीच्यांना ती आवडली, त्यांनी तिची लय उतरवली आणि त्यातून 'चाइल्ड इन टाइम' उभं राहिलं. हे गिलननं स्वतः सांगितलेलं आहे. एप्रिल १९९५ मध्ये डीप पर्पल खरोखरच मुंबईत येऊन वाजवून गेले. ब्लॅकमोर तोवर बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी गिटारवर स्टीव्ह मोर्स नुकताच आला होता. ऑर्गनवर मात्र लॉर्डच. त्या कार्यक्रमाचं चित्रीकरण पुढे बाहेर आलं तेही 'बॉम्बे कॉलिंग' याच नावानं. मुंबईचं नाव घेऊन कॅलिफोर्नियात निघालेली एक धून इंग्लंडमार्गे पाव शतकानं मुंबईला पोचली, ती या माणसाच्या हातून.

त्या हाताखालचं वाद्य काय होतं हे जरा सांगायलाच हवं, कारण त्याशिवाय लॉर्डनं काय केलं ते कळत नाही. हॅमंड ऑर्गन अमेरिकेतला. लॉरेन्स हॅमंड हा मुळात विजेवर चालणारी घड्याळं बनवणारा इंजिनिअर, आणि घड्याळातल्या एका ठरीव गतीनं फिरणाऱ्या मोटरीवरूनच त्याला हे वाद्य सुचलं. १९३५ मध्ये ते बाजारात आलं. आत दांड्यांवर बसवलेली ९१ चाकं असतात, प्रत्येकाला ठरावीक संख्येनं दाते किंवा उंचवटे, शेजारी चुंबक आणि तारेचं वेटोळं. चाक फिरलं की वेटोळ्यात वीज थरथरते आणि तोच सूर. वर पट्ट्यांच्या दोन रांगा, प्रत्येकी ६१ स्वरांच्या. त्याशिवाय ओढायच्या दांड्या, ज्यांना ड्रॉबार म्हणतात. एकेका संचात नऊ दांड्या, आणि कुठली किती ओढाल त्यावर आवाज बासरीसारखा गोल निघणार की धारदार निघणार हे ठरतं. वाजवता वाजवता डाव्या हातानं या दांड्या मागेपुढे करत राहायचं, हे अर्धं कसब. पाइप ऑर्गन परवडत नाही अशा चर्चसाठी हे वाद्य खपलं. लॉर्ड वाजवायचा ते सी-३ हे मॉडेल तर चर्चला शोभावं म्हणून चारी बाजूंनी लाकडी फळ्यांनी बंद केलेलं. पायपट्टी आणि बाकासकट वजन दोनशे किलोच्या आसपास.

एका ओळखीच्या स्टुडिओत मी असा जुना हॅमंड सुरू होताना पाहिला आहे. बटण दाबलं की वाजला असं होत नाही. दोन खटके असतात. पहिला 'स्टार्ट'चा. तो आठेक सेकंद दाबून धरायचा, आत मोटर हळूहळू वेग घेते, खालून घुरघुर येते. मग पहिला न सोडता दुसरा 'रन'चा खटका टाकायचा, आणखी काही क्षण थांबायचं, आणि मग पहिला सोडायचा. नंतर आतल्या व्हॅक्यूम ट्यूब तापेपर्यंत थांबा. मगच सूर. मालकानं मला एक पट्टी दाबू दिली. बोट टेकताक्षणी सुराच्या आधी एक बारीक 'टक्' येतो. बनवणाऱ्यांना तो दोष वाटायचा, वाजवणाऱ्यांनी तोच जपला. रॉकमधल्या ऑर्गनची जी चावरी धार असते ती बरीचशी या टकटकीतून येते.

हॅमंडचा आवाज साधारणपणे लेस्ली नावाच्या स्पीकरमधून काढतात. त्यात भोंगा गोल फिरतो, त्यामुळे आवाज लाटांसारखा येतो-जातो. गॉस्पेल म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणारे आणि जॅझवाले, सगळ्यांचा तो लाडका. लॉर्डची अडचण वेगळी होती. त्याच्या शेजारी ब्लॅकमोर होता, आणि ब्लॅकमोरच्या मागे मार्शल कंपनीचे गिटार अँप्लिफायर पूर्ण आवाजात. त्यापुढे लेस्ली कुठे ऐकू येणार? लॉर्डनं हॅमंडच सरळ मार्शलला जोडला. गिटारसाठी बनवलेल्या त्या यंत्राला ऑर्गनचा एवढा दणका झेपेना, आवाज फाटला, गुरगुरायला लागला, आणि त्याला हवा होता तो तोच. ज्याला आपण हार्ड रॉकचा ऑर्गन म्हणतो तो इथून आला. गिटार संपून ऑर्गन कुठे सुरू झाला ते कळेनासं झालं, ते मुद्दाम. म्हणून तर रिफमधला तो आवाज आजही लोकांना गिटारचाच वाटतो. आपला आवाज दुसऱ्याच्या आवाजात इतका मिसळू देणं, हे मला लॉर्डचं सगळ्यात मोठं काम वाटतं, आणि तेच त्याच्या हयातीत सगळ्यात कमी मोजलं गेलं.

माणूसही तसाच असावा, असं त्याच्याबद्दल त्याच्या सोबत्यांनी जे जे सांगितलं त्यावरून वाटतं. ९ जून १९४१ ला लेस्टरमध्ये जन्म. लहानपणापासून पियानोची रीतसर तालीम, त्यामुळे पाश्चात्य शास्त्रीय संगीतातला बाख हाडीमाशी मुरलेला. नंतर जिमी स्मिथचा जॅझ ऑर्गन कानावर पडला. लंडनला आला तो नाटक शिकायला, अभिनयाच्या शाळेत. १९६८ मध्ये डीप पर्पल निघालं तेव्हा सुरुवातीच्या रेकॉर्डांवर त्याचंच वजन जास्त होतं.

मग आलं १९६९. २४ सप्टेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लॉर्डचा 'कंचेर्टो फॉर ग्रुप अँड ऑर्केस्ट्रा', म्हणजे बँड आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेली मोठी रचना, सादर झाला. डीप पर्पल आणि रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा एका मंचावर, संचालन माल्कम अर्नोल्डचं. वाद्यवृंदातल्या काहींना या लांब केसांच्या पोरांबरोबर बसणं रुचलं नव्हतं. अर्नोल्ड मात्र लॉर्डच्या मागे ठाम उभा राहिला आणि लॉर्ड हे ऋण आयुष्यभर बोलून दाखवत राहिला. बँडमध्येही कुरबुर होती. ब्लॅकमोरला आणि गिलनला ही दिशा नको होती, त्यांना कडक रॉक हवा होता. १९७० ला 'इन रॉक' ही रेकॉर्ड आली आणि बँडची पुढची वाट ठरली. लॉर्डनं हट्ट धरला नाही. त्यानं मार्शलला जोडलेला ऑर्गन त्या कडक रॉकच्या सेवेला लावला, आणि स्वतःच्या मनातलं वाद्यवृंदाचं संगीत जमेल तसं बाजूला लिहीत राहिला.

कंचेर्टोबद्दल माझं मत सांगतो. पहिला भाग जरा ताणलेला आहे. बँड आणि वाद्यवृंद आळीपाळीनं बोलतात, एकमेकांशी कमी बोलतात. दुसरा भाग, ज्यात गिलन गातो, तो मात्र कुठल्याही संगीताच्या कसोटीवर उभा राहील असा सुंदर आहे. अठ्ठावीस वर्षांच्या पोरानं लिहिलेला आहे हे खरं वाटत नाही.

आणि या कंचेर्टोची पुढची गोष्ट तर त्याहून मोठी. १९७० मध्येच त्याची लिखित संहिता हरवली. वाद्यवृंदाच्या शे-सव्वाशे वादकांनी कुठे काय वाजवायचं हे सगळं त्या कागदांवर, आणि कागदच गेले. जवळजवळ तीस वर्षं ती रचना कुणाला वाजवता येत नव्हती. नेदरलँड्समध्ये मार्को द गोय नावाचा एक तरुण संगीतकार होता. त्यानं १९६९ ची रेकॉर्ड पुन्हा पुन्हा ऐकून, चित्रफीत पुन्हा पुन्हा बघून, ती संहिता स्वर न् स्वर कानानं उतरवून काढली आणि लॉर्डच्या हाती आणून दिली. मग दोघांनी मिळून राहिलेल्या जागा भरल्या. सप्टेंबर १९९९ मध्ये त्याच अल्बर्ट हॉलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर, पॉल मानच्या संचालनाखाली, कंचेर्टो पुन्हा वाजला.

चाहता म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी या माणसाचं नाव सांगतो. क्लॅरिनेट कुठे आली, दुसरं व्हायोलिन पहिल्याच्या खाली कुठे सरकलं, हे गिटार-ड्रमच्या गदारोळातून वेगळं काढायचं म्हणजे कानाला किती शिस्त हवी! २०१२ च्या पावसाळ्यात आमच्यासारखे लोक घरी बसून जे करत होतो, ते त्यानं आधीच करून ठेवलं होतं, आणि तेही लॉर्ड जिवंत असताना, त्याच्या हातात परत देण्यासाठी. मला त्याचा हेवा वाटतो.

लॉर्डनं २००२ मध्ये बँड सोडला. भांडण नाही, तंटा नाही. सततच्या दौऱ्यांना कंटाळला होता आणि लिहायचं राहून जात होतं. त्याच्या जागी कीबोर्डवर डॉन एअरी आला. डरहम विद्यापीठासाठी लॉर्डनं 'डरहम कंचेर्टो' लिहिला, पियानोसाठी, बासरीसाठी लिहिलं. ऑगस्ट २०११ मध्ये त्यानं आपल्याला कर्करोग झाल्याचं स्वतःच जाहीर केलं. संगीत लिहीत राहणार, माझ्या जगात तो उपचाराचाच भाग आहे, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं होतं. आणि तसंच केलं. कंचेर्टोचं पहिलं स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण त्या काळात पूर्ण होत आलं होतं. जाण्याच्या थोडे दिवस आधी त्यानं त्याची अंतिम प्रत ऐकली. ते प्रसिद्ध झालं तेव्हा तो नव्हता. मृत्यूचं कारण फुप्फुसातली गुठळी, मूळ आजार स्वादुपिंडाचा. वय ७१. घरच्यांनी जाहीर केलेल्या निवेदनात म्हटलं होतं की जॉन अंधारातून उजेडाकडे गेला. शाळेत रोज 'तमसो मा ज्योतिर्गमय' म्हटलेल्या माणसाला ते वाचून काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

त्या दिवसांत मी सगळ्यात जास्त ऐकलं ते डीप पर्पल नव्हतंच. 'पिक्चर्ड विदिन' नावाची लॉर्डची स्वतःची रेकॉर्ड आहे, १९९८ ची. १९९५ च्या ऑगस्टमध्ये, मुंबईचा कार्यक्रम होऊन काही महिनेच झाले असताना, त्याची आई वारली. त्या दुःखातून हे संगीत आलं. त्यात मार्शल नाही, गुरगुर नाही. बहुतेक ठिकाणी पियानो आणि तंतुवाद्यं. आईसाठी त्यानं केलेला शोक त्याच्या चाहत्यांना त्याच्यासाठी वापरता आला. आमच्याकडे शब्द नव्हते, त्याच्याकडचं संगीत तयार होतं.

सोबत्यांनीही आपापल्या परीनं निरोप दिला. ब्लॅकमोरचं आणि लॉर्डचं मंचावरचं नातं म्हणजे सवाल-जवाब. गिटारनं एक फेकायचं, ऑर्गननं ते उलटवून परत द्यायचं. ब्लॅकमोर हा मुळात कमी बोलणारा, तुसडा म्हणूनच प्रसिद्ध. त्यानं २०१३ मध्ये 'कॅरी ऑन... जॉन' नावाची एक वाद्यरचना काढली. ज्याच्याशी आयुष्यभर सुरांतूनच भांडलास, त्याला सुरांतूनच निरोप दे, हे मला फार योग्य वाटलं. त्याच वर्षी डीप पर्पलची 'नाऊ व्हॉट?!' ही रेकॉर्ड लॉर्डला अर्पण होऊन आली, त्यातली 'अबव्ह अँड बियाँड' आणि 'अनकॉमन मॅन' ही गाणी त्याच्यासाठीची. ४ एप्रिल २०१४ ला अल्बर्ट हॉलमध्येच त्याच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम झाला. पहिल्या अर्ध्यात त्याचं वाद्यवृंदाचं संगीत, नंतर रॉक. रिक वेकमन आला, ग्लेन ह्यूज आला, ब्रूस डिकिन्सन आला, शेवटी डीप पर्पल.

त्या मंचावर ड्रमच्या मागे इयन पेस होता. १९६८ पासून आजतागायत बँड न सोडलेला तो एकटाच. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की लॉर्डची बायको आणि पेसची बायको या जुळ्या बहिणी. म्हणजे हे दोघे साडू. त्या रात्री पेस ज्याच्यासाठी वाजवत होता तो चव्वेचाळीस वर्षांचा सोबती होता आणि घरचाही माणूस होता.

रॉकमधल्या मोठ्या कलाकारांचा सन्मान करणाऱ्या अमेरिकेतल्या 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'नं मात्र फार उशीर केला. डीप पर्पल १९९३ पासून पात्र होतं आणि त्यांना घेतलं २०१६ मध्ये. मेटॅलिका बँडचा ड्रमर लार्स उलरिकनं त्यांची ओळख करून दिली, फार प्रेमानं आणि पोटतिडकीनं बोलला. पण लॉर्डला जाऊन चार वर्षं होत आली होती. चाहत्यांचा याबद्दलचा राग अजून गेलेला नाही, आणि जायचं कारणही नाही. ज्यांनी उशीर केला त्यांना कुठलं वाद्य कुठे वाजतंय हे ऐकायला इतकी वर्षं लागली, असं मी समजतो.

डॉन एअरीबद्दलही दोन शब्द, कारण त्याच्यावर अन्याय होतो. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' हे १९८४ चं गाणं नुसत्या ऑर्गननं सुरू होतं. पहिल्याच घावाला अंगावर येतं. लॉर्ड गेल्यावर प्रत्येक कार्यक्रमात एअरीला ती सुरुवात वाजवावी लागते, समोर हजारो लोक मनातल्या मनात दुसऱ्याचा हात ऐकत असताना. तो ती स्वतःच्या पद्धतीनं वाजवतो, नक्कल करत नाही. मोठा वादक आहे.

आतेभावाचा आणि माझा एक वाद अजून मिटलेला नाही. लॉर्डचा सगळ्यात चांगला सोलो कुठला? तो 'हायवे स्टार'वर अडून बसतो. त्यातली बाखच्या वळणाची स्वरांची उतरंड गिटारच्या सोलोच्या आधी येते आणि खरं तर ब्लॅकमोरला वाट करून देते, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे. माझं मत 'मेड इन जपान'मधल्या 'लेझी'ला. तिथं सुरुवातीला लॉर्ड एकटाच आहे, ऑगस्ट १९७२, जपानी प्रेक्षक शांत बसलेले, आणि तो ऑर्गनला आधी कण्हायला लावतो, मग ओरडायला, मग अचानक हसल्यासारखा जॅझमध्ये शिरतो. मागच्या दिवाळीत यावरून आमचं पुन्हा जुंपलं. शेवटी त्यानं १९७४ चं 'बर्न' लावलं. गिटारचा सोलो संपला, ऑर्गन सुरू झाला, आणि तेवढ्यापुरते दोघेही गप्प बसलो. ते संपल्यावर तो म्हणाला, "पण तरी 'हायवे स्टार'च."